काटे आधी एकमेकांशी जुळवा

ज्या साधनाला ‘हे दोन सारखे आहेत का’ या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, त्याचे स्वतःचे काटे तरी एकमेकांशी जुळलेले असावेत. ही अपेक्षा फार नाही. तरीही घरच्या घरी मोटारसायकलचे कार्ब्युरेटर जुळवायला सिलिंडरची हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, दाखवणाऱ्या चार डायलांचे जे स्वस्त संच मिळतात, त्यांत नेमकी हीच गोष्ट गृहीत धरता येत नाही. ग्राहक गाडीवर संशय घेतो, मिस्त्रीवर संशय घेतो, पेट्रोलवर संशय घेतो. डायलवर कोणी घेत नाही, कारण डायल नवा असतो आणि त्याला काच असते.

होंडाने १९६९ साली सीबी ७५० आणली. चार सिलिंडर आणि चार कार्ब्युरेटर. पुढे इंजेक्शन येईपर्यंत मोठ्या जपानी गाड्यांचा हाच साचा राहिला. प्रत्येक सिलिंडर आपल्या कार्ब्युरेटरमधून श्वास घेतो, आणि चौघांच्या झडपा सारख्याच उघडाव्या लागतात. गाडी पळत असताना थोडा फरक खपून जातो. आयडलिंगला खपत नाही. तिथे झडपेची फट मुळातच केसाएवढी असते, आणि त्यात जरासा फरक पडला की एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा नुसता फरफटत येतो. मग फूटरेस्ट झिणझिणतात, हँडलवर बोटं बधिर होतात, आणि क्लचमधून खडखडाट येतो. या खडखडाटापायी कितीतरी गाड्यांचे चांगले क्लच विनाकारण खोलले जातात. क्लचच्या प्लेटा बदलल्याचे पैसे दिले जातात आणि आवाज तसाच राहतो. मला राग येतो तो इथे. एका स्क्रूच्या पाव फेऱ्याचं काम असतं, आणि तो स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे सांगणारं खात्रीचं साधन माणसाच्या हाताशी नसतं.

डायल खरे आहेत की खोटे, हे तपासायची रीत अगदी सोपी आहे. टी-जोडण्या वापरून चारही नळ्या एकाच सिलिंडरच्या व्हॅक्यूमच्या भोकाला लावायच्या. सिलिंडर एक, ओढ एक, तेव्हा चारही काटे एकाच रेघेवर यायला हवेत. टी-जोडण्या नसतील तर दोन नळ्यांची अदलाबदल करायची. फरक नळीबरोबर सरकला तर खोट डायलमध्ये, फरक सिलिंडरपाशीच राहिला तर खोट कार्ब्युरेटरमध्ये. मी घेतलेल्या संचात एक काटा बाकीच्यांच्या मागे राहतो, साधारण दीड ते दोन सेंटिमीटर पाऱ्याने. कावासाकीच्या चार सिलिंडरी गाड्यांचं मॅन्युअल म्हणतं की कुठल्याही दोन सिलिंडरमधला फरक २ सेंटिमीटर पाऱ्याहून कमी असावा. म्हणजे गाडीला जेवढी मुभा दिली आहे, ती सगळी डायलच खाऊन टाकतो. संच ज्या पेटीत येतो तिला फोमचे कप्पे आहेत, हँडलला अडकवायला हूक आहे, वर चकचकीत स्टिकर आहे. तीन टी-जोडण्या मात्र नाहीत. भाजीच्या पिशवीएवढ्याही किमतीच्या नसलेल्या या जोडण्या घातल्या असत्या, तर ग्राहकाने पहिल्याच दिवशी हा दोष पकडला असता. त्या का घातल्या नाहीत याचं दुसरं कारण मला सुचत नाही.

डायलवरच्या रेघांचं तेच. पट्टी शून्यापासून ७६ सेंटिमीटर पाऱ्यापर्यंत, म्हणजे थेट निर्वात पोकळीपर्यंत. आयडलिंगला अशा इंजिनाची ओढ साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आसपास असते. सगळं काम त्या एवढ्याशा पट्ट्यात चालतं, आणि रेघा तिथेही तितक्याच विरळ. दोन सेंटिमीटरचा फरक ओळखायचा आहे आणि दोन रेघांमधलं अंतरच जवळपास तेवढं. ज्याने हा डायल छापला त्याने तो कधी इंजिनाला लावून पाहिला नाही, असं मी म्हणतो, आणि त्यावर ठाम आहे.

काटा थरथरतो, ही तक्रार सगळे करतात, पण ती मी डायलच्या माथी मारणार नाही. फोर-स्ट्रोक इंजिनाचा एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो. १२०० फेऱ्यांना हे सेकंदाला दहा वेळा होतं, तेव्हा काटा नाचणारच. त्यासाठी नळीत बारीक भोकाचा अडथळा घालतात. चारही नळ्यांत सारखाच अडथळा असला पाहिजे, कारण तो बदलला की काट्याचं स्थिरावणंही बदलतं. स्वस्त संचात याऐवजी प्रत्येक डायलला पितळेची बारीक चावी दिलेली असते. ती कितीही घट्ट करा, कितीही सैल सोडा. जे चौघांना सारखं असायला हवं तेच चार वेळा वेगवेगळं लावायची सोय करून ठेवली आहे. चावी जास्त आवळली तर काटा छान शांत राहतो, आणि तुम्ही स्क्रू फिरवलात तरीही शांतच राहतो.

उत्तर आयर्लंडमध्ये बनणारं कार्बट्यून हे साधन मला यासाठीच आवडतं. त्यात काटे नाहीत, स्टेनलेस स्टीलच्या सळया शेजारीशेजारी नळ्यांत वरखाली होतात. नजर आडवी फिरवली की झालं. पूर्वी ते काम पारा करायचा आणि उत्तम करायचा. पण पारा विषारी, सांडला तर फरशीच्या सांध्यातून निघत नाही आणि अॅल्युमिनियमला खातो, म्हणून विमानातही नको असतो. युरोपीय संघाने २००७ च्या निर्देशाने पाऱ्याची मोजमापाची साधनं सामान्य ग्राहकाला विकायचं बंद केलं. ते योग्यच झालं. त्यानंतर चांगली साधनं महाग आणि परदेशात, तर स्वस्त साधनं असली, अशी पुण्या-कोल्हापूरच्या माणसाची कोंडी झाली. कुरिअर आणि कस्टम्स धरून आकडा पाहिला की माणूस पुन्हा त्या फोमच्या पेटीकडे वळतो.

दोन सिलिंडर जुळवायचे असतील तर मी पेटीच्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन. गवंडी ज्या पारदर्शक लेव्हल नळीने भिंतीची पातळी काढतात, ती घ्या, अर्धी टू-टी ऑइलने भरा, फळीवर इंग्रजी यू आकारात बांधा आणि दोन टोकं दोन सिलिंडरना लावा. तेल पाऱ्याहून पंधरापट हलकं, त्यामुळे पाऱ्यात २ सेंटिमीटर दिसणारा फरक इथे जवळजवळ ३१ सेंटिमीटर दिसतो. एवढी अचूकता कुठलाही डायल देत नाही, आणि दोन्ही बाजूंना तेल एकच असल्याने काट्यांच्या भांडणाचा प्रश्नच नाही. धोका एक आहे, तो नीट समजून घ्यावा. एका बाजूची नळी निसटली तर दुसरी बाजू २० सेंटिमीटर पाऱ्याच्या ताकदीने ओढते, म्हणजे तेलाचा तीन मीटर उंच स्तंभ. तुमची फळी तेवढी उंच नाही. सगळं तेल क्षणात इंजिनात जातं. म्हणून दोन्ही टोकांना झाकणाची एकेक बाटली मध्ये घालायची, म्हणजे निसटलेलं तेल बाटलीत पडेल.

आता जोडणीचे तुकडे. काही गाड्यांना व्हॅक्यूमच्या भोकात ५ मिलिमीटरचा स्क्रू असतो, काहींना ६ चा, काहींना नुसतं नळीचं टोक आणि त्यावर रबरी टोपी. संचातले पितळी अडॅप्टर बाहेरच्या दोन सिलिंडरना बसतात. आतल्या दोघांना बसवताना वर फ्रेम आडवी येते. जोर लावला की पोकळ पितळ भोकातच मोडतं, आणि मग ते काढायला इंजिन उतरवण्यापर्यंत पाळी येते. शेवटी लेथवाल्याकडून आखूड अडॅप्टर करून घ्यावे लागतात. तो ते चहा संपायच्या आत करून देतो, मग कारखान्याला काय अवघड होतं? रबरी टोप्या तर संचात कधीच नसतात. तीस वर्षं जुनी टोपी काढताना तडकते, तिथून हवा आत जाते, आणि इतक्या मेहनतीने जुळवलेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसिंग करते.

टाकी उतरवल्याशिवाय स्क्रू दिसत नाहीत, आणि टाकी उतरवली की पेट्रोल नाही. आपल्याकडचे मिस्त्री सलाईनची बाटली टांगतात. काम होतं, पण ती नळी पेट्रोलसाठी नसते. पेट्रोलने कडक होते, जोडावर ठिबकते, आणि खाली सायलेन्सर तापलेला असतो. सुरक्षित छोटी टाकी संचाबरोबर द्यायला हवी, ती वेगळी विकली जाते. हवा मिळत नसल्याने इंजिन जागेवर तापतं, म्हणून समोर पंखा लागतो. आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम कोणी करू नये, तो धूर जीव घेतो. संचाबरोबरच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. तिथे एवढंच लिहिलेलं असतं की काटे समान होईपर्यंत स्क्रू फिरवा. पहिला दुसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी आणि मग मधल्या स्क्रूने दोन्ही जोड्या एकमेकींशी, हा क्रमसुद्धा नाही. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर एकदा रेस करून पुन्हा पाहावं लागतं, हेही नाही.

सगळ्यात मोठी उपेक्षा मात्र आपल्याच गाडीची झाली. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या साथीने १९८३ साली आणलेली राजदूत ३५० ही टू-स्ट्रोक. तिला दोन सिलिंडर, दोन मिकुनी कार्ब्युरेटर. येझदी २५० ला सायलेन्सर दोन, पण सिलिंडर एक आणि कार्ब्युरेटरही एकच. त्यामुळे जुळवणीचा प्रश्न इथल्या बहुतेकांना पहिल्यांदा पडला तो राजदूतमुळे. या इंजिनाला व्हॅक्यूमचे डायल उपयोगाचे नाहीत, कारण तिथे आयडलिंगची स्थिर ओढ मिळत नाही. इथे कार्ब्युरेटरमधल्या सरकत्या झडपा, म्हणजे स्लाइड, सारख्याच उंचीवर उचलल्या जातात का, हे पाहायचं असतं. अॅक्सिलेटरची एक केबल पुढे फुटून दोन कार्ब्युरेटरना आणि ऑइल पंपाला जाते, आणि तिन्ही तारा सारख्या ताणत नाहीत. जाणकार इंजिन बंद ठेवून दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिलच्या दांड्या ठेवतात आणि अॅक्सिलेटर हळू उघडत दोन्ही एकाच वेळी सुटतात का ते बघतात. पद्धत चोख आहे. पण दांडी आत घसरली तर कार्ब्युरेटरच्या मागे असलेल्या रीड झडपेच्या पात्या जायची भीती असते.

त्यावर उपाय साधा आहे. सारख्या मापाच्या दोन गुळगुळीत पितळी कांड्या, बाहेरच्या टोकाला रुंद कॉलर, म्हणजे आत जाणारच नाहीत, आणि तोंडातलं दिसायला दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा. ज्यांना हत्यारं विकायची आहेत त्यांनी हे बनवावं, मी पहिल्या दिवशी विकत घेईन. बरोबर एक कागद द्यावा, मराठीत, आणि त्यावर ठळक छापावं की स्लाइड जुळल्यानंतरच ऑइल पंपाची केबल लावायची, आधी नाही.