अडीच हजार व्होल्टचा झिरो

"घरात चक्की टाकून राहिले का साहेब?"

थ्री फेज पाहिजे म्हटल्यावर वायरमनभाऊंचा हा पहिला प्रश्न. नाही म्हणालो. "मंग वेल्डिंग?" तेही नाही. तेव्हा ज्या आवाजात मी जपानला हाका मारतो तो आवाज लावून सांगितलं, "हॅम रेडिओ आहे. वर लिनिअर बसवलाय. आत अडीच हजार व्होल्ट असतात." भाऊंनी माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनं हात वर केले.

अडीच हजार हा आकडा मी दूधवाल्यालाही सांगितलेला आहे. हॅम म्हणजे हौसेखातर घरून वायरलेसवर जगाशी बोलणारा, आणि लिनिअर म्हणजे त्याच्या रेडिओचा आवाका वाढवणारी पेटी. माझ्या पेटीत 813 नंबरचा एक जुना, दुधाच्या बाटलीएवढा व्हॉल्व्ह आहे आणि त्याला खरोखरच तेवढे व्होल्ट लागतात. आकडा खरा आहे. तो जेवताना, लग्नात आणि एकदा मयतीतही सांगायची गरज नव्हती, एवढंच.

थ्री फेजचा किडा डोक्यात सोडला एका अमेरिकन पुस्तकानं. शॅकमध्ये, म्हणजे बायकोच्या भाषेत गच्चीवरच्या अडगळीत, 'हाय व्होल्टेज' आणल्याशिवाय हॅमच्या जन्माला अर्थ नाही, असा त्याचा सूर. दोन महिने मी त्या प्रकरणाची पारायणं केली. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की अमेरिकेत घरातल्या साध्या प्लगला 120 व्होल्ट येतात आणि ज्यासाठी तिकडचे लोक भिंती फोडतात ते हाय व्होल्टेज म्हणजे 240. आमच्या मिक्सरला चटणी वाटताना जवळपास तेवढेच मिळतात. पण तोवर मी चारचौघांत 'थ्री फेज' म्हणून बसलो होतो, आणि बोललेला शब्द मागे घेण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

शिवाय मिळतात म्हणजे मे महिना सोडून. मेमध्ये संध्याकाळी सातला बुटीबोरीतले कूलर एकदम घरघरले की माझ्या मीटरवर 230 चे 180 होतात आणि माझे लाडके अडीच हजार साडेएकोणीसशेवर येतात. गावाच्या उशाशी 600 मेगावॅटचं औष्णिक केंद्र (2019 मध्ये ते थंडावलं, तेव्हा का कोण जाणे, मला व्यक्तिशः अपमान झाल्यासारखं वाटलं), पलीकडे एमआयडीसीत लोखंडाचं पाणी करण्याइतकी वीज, आणि मला हवेत फक्त 400 वॅट! त्यात वरच्या खोलीची आणि देवघराची वायर एकच, वडिलांच्या काळातली तीन-बावीसची. मी मोर्सची की दाबली की खाली देवघरातला झिरोचा बल्ब मान टाकायचा. डा डिट डा डिट. गणपती बाप्पा रोज रात्री माझा कॉलसाइन वाचायचे. बायको वैतागायची. आई काही बोलायची नाही.

400 वॅटच का, तर जनरल ग्रेडच्या लायसन्सला तेवढीच मुभा. रिस्ट्रिक्टेडवाल्यांना 50. जनरलसाठी मिनिटाला आठ शब्दांनी मोर्स यावं लागतं. मी तिसऱ्या खेपेला पास झालो, हे खरं तर लिहायचं नव्हतं. माझा मूळ सेट 100 वॅटचा. 100 चे 400 केले की पलीकडच्याच्या एस मीटरवर काटा किती सरकतो? एक घर. फक्त एक. तेही जपानातला माणूस आधी मला 'फाइव्ह नाइन', म्हणजे पैकीच्या पैकी, म्हणायचा आणि आताही फाइव्ह नाइनच म्हणतो. तो सगळ्यांनाच तसं म्हणतो, जसं आपण कुठंही जेवून उठताना 'भाजी छान झाली होती' म्हणतो.

अर्थिंगबद्दल मात्र मला अडवू नका. माझं अर्थिंग हे या पंचक्रोशीतलं एक प्रेक्षणीय स्थळ आहे. अंगणात आठ फूट खड्डा, तळाशी दोन बाय दोनची तांब्याची पाटी, वर कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. खड्डा खणताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "बोअर मारता का?" मीठ टाकताना विचारलं, "लोणचं?" आमची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी असते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. माती सुकली की अर्थिंग रुसतं. म्हणून उन्हाळाभर मी रोज सकाळी दोन बादल्या पाणी घालतो. घरात कूलरला पाणी नसलं तरी चालेल, खड्ड्याला हवं. आई तांब्या घेऊन तुळशीला, मी बादली घेऊन शेजारच्या खड्ड्याला, असा आमचा दोघांचा नित्यनेम. माझं अर्थिंग मेगावॅटला पुरेल असं झालं, आणि तुळस वाळली. मीठ मुळांशी पोचलं होतं. आईनं नवं रोप कुंडीत लावलं आणि ती कुंडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. तेव्हाही काही बोलली नाही.

कधीकधी स्वतःचीच चीड येते. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी सेट घेऊन तिकडे गेली होती. असला सेट मोटारीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्यांच्यापैकी कुणी थ्री फेज मागितल्याचं ऐकिवात नाही.

आणि अडीच हजार ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. पेटी बंद केली तरी आतला कपॅसिटर बराच वेळ डंख धरून बसलेला असतो. झाकण उघडायचं तर एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंटला छातीतून वाट मिळत नाही. हा नियमही मी घरात जेवताना ऐटीत सांगितला होता. आई वाढत होती.

वायरमनभाऊंनी पेटीमागची पाटी वाचली, बोटांवर हिशेब केला आणि निकाल दिला. "थ्री फेज-बिज काही लागत नाही जी. याच्याहून जास्त त तुमचा गिझर खाते. मीटरपासून सात-वीसची वेगळी लाइन टाकतो." दोन दिवसांत टाकली. वेगळा एमसीबी, ऐटबाज सॉकेट. रात्री दहाला मी की दाबली आणि खाली जाऊन पाहून आलो. झिरो ढिम्म. बाप्पांची सुटका झाली होती.

अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. आईचे गुडघे असे आहेत की ती गच्चीवर पापड वाळत घालायलाही येत नाही. दारात कठड्याला धरून उभी राहिली. मी हेडफोन काढला.

"काय गं?"

"काही नाही. आज दिवा हलला नाही. म्हटलं, पाहून यावं."

"म्हणजे तू रोज...?"

"हलत असला की झोप लागते," ती म्हणाली, आणि एकेक पायरी मोजत खाली गेली.

सकाळी आठला मी वायरमनभाऊंना फोन लावला. म्हटलं, भाऊ, ती जुनी तीन-बावीस भंगारात तर नाही ना दिली?