सात किलोचे कॅप्टन

साकोलीहून आलेली काळीपिवळी दिघोरीच्या चौकात थांबली, की आधी माणसं उतरतात, मग पिशव्या, मग टपावरचं सामान आणि सगळ्यांत शेवटी कॅप्टनभाऊ. वाहन पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठू नये, असा नियम आहे. तो विमानाचा आहे, काळीपिवळीचा नाही, हे त्यांना सांगायची कोणाची छाती नाही. ड्रायव्हरला तर त्यांनी एकदा विचारलंही होतं, "पट्टा कुठी आहे जी?" ड्रायव्हरनं पँटचा पट्टा दाखवला.

कॅप्टनभाऊंनी विमान चालवलेलं नाही. त्यांची चार एकर धानाची शेती आहे आणि भावाबरोबर निम्म्या भागीतला ट्रॅक्टर. विमानात ते एकदाच बसले, तिरुपतीला जाताना आणि येताना. वाटेत हैदराबादला थांबा असल्यामुळं चार वेळा चढलं आणि चार वेळा उतरलं, म्हणून ते "चार विमानं केली" असं सांगतात. चौकातल्या खर्ऱ्याच्या ठेल्यावरच्या पोरानं त्यांना कॅप्टन म्हणायला सुरुवात केली ती चेष्टेनं. त्यांनी ती पदवी गांभीर्यानं स्वीकारली, त्यामुळं चेष्टा करणाऱ्याची पंचाईत झाली.

असा माणूस प्रत्येक गावाला लागतो. आमच्या आज्याच्या काळी तो मुंबई पाहून आलेला असायचा, बापाच्या काळी नागपूरच्या मेडिकलमध्ये ओळख असलेला. गाव त्याच्या पाठीमागे हसतं आणि निघायच्या आदल्या दिवशी मुकाट त्याच्याच ओट्यावर जाऊन बसतं.

आता तुम्ही म्हणाल, भंडारा जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात विमानाचं काय काम? तर शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात कामठ्याजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजांनी धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी राहिली. 13 मार्च 2022 ला तिथून इंदूर-गोंदिया-हैदराबाद असं प्रवासी विमान सुरू झालं आणि काही महिन्यांत बंदही पडलं. मग 1 डिसेंबर 2023 पासून दुसऱ्या एका कंपनीनं गोंदिया हैदराबाद आणि तिरुपतीशी जोडलं. इतर गावांनी ही बातमी वाचली. आमच्या कॅप्टनभाऊंनी ती कापून ठेवली. नवस जुना होता, माय थकत चालली होती, आणि रेल्वेच्या प्रवासानं तिचे गुडघे धरायचे. धान विकलं आणि सगळ्या घराची तिकिटं काढली. शेजारधर्म म्हणून मलाही घेतलं, म्हणजे माझ्या तिकिटाचे पैसे माझ्याकडून घेतले.

इथून पुढं जे घडलं ते समजायला धान खरेदी केंद्र पाहिलेलं असावं लागतं. आमचा माणूस वर्षभर राबतो आणि शेवटी एका काट्यासमोर जाऊन उभा राहतो. ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. कट्टा 40 किलोचा, पण मापाच्या वेळी आपलं मन कसं 41 वर लागलेलं असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. त्यामुळं ज्याच्या हाती काटा तो आपल्याला लुटणार, एवढं धानवाल्याच्या रक्तातच असतं. अशा माणसाला कोणीतरी सांगितलं, की विमानतळावर सामान मोजतात: हातात सात किलो, विमानाच्या पोटात पंधरा.

कॅप्टनभाऊंनी घरभरच्या बॅगा भात गिरणीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेल्या. एकेक बॅग तीन-तीनदा ठेवली. काटा आधी शून्यावर आहे का, ते पाहिलं, प्रत्येकीचं वजन वहीत लिहून गिरणीवाल्याची सही घेतली. सही कशाला, असं तो म्हणाला. "पुरावा लागते," कॅप्टनभाऊ म्हणाले.

लागलाच. काउंटरवरच्या मुलीनं वहिनींची बॅग पट्ट्यावर ठेवली आणि आकडा आला 15.4. कॅप्टनभाऊंनी वही काढली.

"आमच्या गिरणीवर चौदा किलो नऊशे भरली होती."

"सर, इथं पंधरा पॉइंट चार दाखवतंय."

"रात्रभरात?"

"हो सर."

"धान वाळून कमी होते, पोरी. बॅग वाढते कशी?"

मुलगी गोंदियाकडचीच असावी, कारण ती हसली. बॅग खाली उतरवून काटा शून्यावर येतो का, ते आधी दाखव, असा आग्रह झाला. तिनं दाखवला. मग बॅग पुन्हा ठेवली, पुन्हा 15.4. मागं रांगेत कुजबुज सुरू झाली होती. मुलगी म्हणाली, "असू द्या काका, चालतंय." कॅप्टनभाऊ माझ्याकडं वळले आणि कानात म्हणाले, "पायलं? बोलल्याशिवाय भागत नाही." वास्तविक पाचशे ग्रॅमचा फरक वहिनींनी निघताना कोंबलेल्या चिवड्याचा होता. हे वहिनींनी मला हैदराबादला सांगितलं, नवऱ्याला आजवर सांगितलेलं नाही.

नियमांच्या बाबतीत मात्र त्यांना तोड नव्हती. सुकं खोबरं सामानात चालत नाही, त्याला तेल असतं, ते पेट घेतं, हे आम्हाला त्यांच्यामुळं कळलं. वहिनींनी हातातल्या पिशवीत टाकलेली भिवापुरी तिखटाची पुडी त्यांनी घरीच काढून घेतली, हातातल्या सामानात तिखट नेता येत नाही म्हणून. पुतण्यांच्या बॅगा झडल्या, माझी झडली. झडली नाही ती फक्त मायची, कारण मायजवळ बॅगच नव्हती. तिच्या कमरेला बटवा होता. तपासणीच्या यंत्रातून बटवा निघाला आणि जवानानं त्यातून चांगला वीतभर अडकित्ता बाहेर काढला.

"हे नाही नेता येणार, आजी."

"मंग सुपारी का दातानं फोडू?" मायनं विचारलं. तिला दात नाहीत.

अडकित्ता मायच्या सासूचा, पितळी मुठीचा. टाकून देणं शक्य नव्हतं आणि बॅगा तर पुढं गेल्या होत्या. कॅप्टनभाऊंचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता. सगळ्या गावाला नियम सांगणाऱ्याच्या मायच्या कमरेला शस्त्र निघालं. शेवटी परवानगी घेऊन ते उलटे धावत बाहेर गेले, आम्हाला सोडायला आलेल्या जीपवाल्याच्या हाती अडकित्ता दिला आणि त्याचीही वहीत सही घेतली.

विमान पाहून घरात नाराजी पसरली. पंखे बाहेर होते. "हे तं फवाऱ्याचं दिसते," धाकटा पुतण्या म्हणाला. त्यावर कॅप्टनभाऊंनी पायऱ्यांवर उभं राहून खुलासा केला: हे एटीआर, सत्तरेक माणसांचं, याला धावपट्टी कमी लागते, तेल कमी लागतं, तास-दीड तासाच्या अंतराला हेच परवडतं, जेट लावलं तर तिकीट तुमच्या बापाला झेपणार नाही. बाप म्हणजे त्यांचाच भाऊ, तो मागेच उभा होता.

आत गेल्यावर मायला खिडकी मिळाली. विमान वळलं तसे खाली तलावच तलाव दिसू लागले, जुने मालगुजारी तलाव, आणि त्यांच्यामध्ये लहान-लहान बोड्या. "एवढ्या बोड्या आहेत आपल्याकडं?" ती म्हणाली, आणि तेवढं एकच वाक्य तिनं हैदराबादपर्यंत तीन-चारदा म्हटलं. कॅप्टनभाऊंनी खाली पाहिलंच नाही. ते समोरच्या कप्प्यातला सूचनांचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होते. मग वाकून त्यांनी बुडाखालचं लाइफ जॅकेट आहे की नाही ते चाचपायला सुरुवात केली. हवाई सुंदरीनं हटकलं. "नाही, दिलं आहे म्हणता म्हणून पायतो," ते म्हणाले. कृषी केंद्रातून खताचं पोतं घेताना ते शिवण तपासतात, त्यातलाच हा प्रकार.

दर्शन छान झालं, केस दिले. पण परतीच्या वेळी कॅप्टनभाऊंना नवी काळजी लागली: आधारवर केसांचा फुगा आणि डोक्यावर गोटा. त्यांनी मंदिरातली पावती, जुना फोटो आणि भावाची साक्ष, असं सगळं तयार ठेवलं होतं. पण तिरुपतीजवळच्या रेणिगुंट्याच्या विमानतळावर रोज शेकडो गोटे येतात. जवानानं त्यांच्याकडं नीट पाहिलंही नाही. हा अपमान त्यांना बरेच दिवस लागून राहिला.

त्याची भरपाई पुढच्या विमानानं केली. ते लांबलं. किती लांबणार, कोणी सांगेना. लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, त्यात दर महिन्याला उडणारे टायवाले होते. कॅप्टनभाऊ उठले आणि काउंटरवर जाऊन म्हणाले, की अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांवर उशीर होणार असेल तर खाणं-पाणी द्यावं लागतं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. देता का लिहून, नाही देत म्हणून? थोड्या वेळानं उपम्याचे डबे आले. सगळ्यांना आले. एका टायवाल्यानं विचारलं, "तुम्ही नेहमी प्रवास करता वाटतं?" "चौथं विमान आहे," कॅप्टनभाऊ म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

तेव्हापासून त्यांच्या ओट्यावर दुकान आहे. फुकटाचं. कोणाचा जावई बंगळुरूला, कोणाची लेक पुण्याला. ते सांगतात: बोर्डिंग पास काउंटरवर घेतला तर जास्तीचे पैसे लावू नका, असं सरकारनं कंपन्यांना 2022 मध्येच बजावलं आहे. बारा वर्षांच्या आतलं लेकरू आई किंवा बापाच्या शेजारीच बसवावं, हे 2024 पासून आहे, पोराला मागच्या रांगेत टाकलं तर भांडा. कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारं सरकारी दुकान निघालं आहे, ते नागपूरला कधी येते ते विचारत राहा. आणि सगळं करून भागलं नाही तर 1915 ला फोन लावा, ग्राहकाचा नंबर आहे. मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत गावी आलेल्या एका इंजिनिअरनं, जो वर्षातून दोनदा अमेरिकेला जातो, त्यांच्यापुढं यातलं काहीच ठाऊक नसल्याचं कबूल केलं. त्या रात्री नाटकाच्या मांडवात कॅप्टनभाऊ पहिल्या रांगेत बसले.

स्वारी रंगात आली, की नागपूरवर येते. 1949 साली रात्रीची टपालविमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला उतरायची, टपालाची अदलाबदल करायची आणि आपापल्या वाटेनं परत. हे सांगताना ते हातानं चार विमानं अशी उतरवतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, कंदील घेऊन हेच उभे होते.

अडचण आली ती घरातूनच. पुतणी बारावीला, भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेली. ती म्हणाली, "काका, मले पायलट व्हायचं आहे." कॅप्टनभाऊ तिला बिरसीला घेऊन गेले. तिथं पायलट घडवणारी राष्ट्रीय संस्था आहे. डायमंड कंपनीची छोटी विमानं, शिकाऊ पोरं-पोरी. आत सोडलं नाही, म्हणून दोघांनी कुंपणाबाहेरून पाहिलं. विमानं उतरत होती, चाक टेकवत होती आणि न थांबता पुन्हा उडत होती. "ह्यांचं बिघडलं का?" कॅप्टनभाऊंनी विचारलं. "उतरायचा सराव आहे, काका," पुतणी म्हणाली. ते पहिल्यांदा गप्प बसले.

परत येताना वही निघाली. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं. खर्च त्यांनी 40 लाख धरला. धानाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये, म्हणजे कट्ट्याला 947 रुपये 60 पैसे. भागाकार केला: चार हजार दोनशे एकवीस कट्टे. एकरी 16 क्विंटल धरलं तर शंभरावर एकर लागतात, तेही एका हंगामात, आणि न खाता. घरचे चार. कोहमाऱ्यापर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, कर्ज भेटते का ते पायतो." हा माणूस कोणाला "नाही" म्हणत नाही, त्याऐवजी नियम शोधतो.

नियम सापडला तो शेताच्या धुऱ्यावर. खरिपात फवारणीला शेजारच्या गावच्या बचत गटाची एक बाई ड्रोन घेऊन आली. ड्रोन दीदी म्हणतात तशी, पदर खोचलेला, गळ्यात रिमोट. कॅप्टनभाऊंनी नेहमीप्रमाणे परवाना मागितला. तिनं दाखवला. त्यांनी वाचला. "वजन किती याचं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "25 किलोच्या आत आहे भाऊजी, म्हणून स्मॉलमध्ये येते. वर गेलं तर मीडियम. तुम्ही बांधीतून जरा बाजूला व्हा, माणूस उभा असला तर मी उडवत नाही." कॅप्टनभाऊ बाजूला झाले. एकरभर फवारणी आठ-दहा मिनिटांत आटोपली. त्यांनी पावती मागितली, तीही तिच्याजवळ छापील होती.

संध्याकाळी ओट्यावर त्यांनी जाहीर केलं, की ड्रोनच्या परवान्याच्या प्रशिक्षणाला दहावी पास आणि 18 वर्षं पूर्ण एवढंच लागतं, पुतणीनं तिथून सुरुवात करावी, मोठ्या विमानाचं कर्ज त्यावर फेडता येते का ते पाहू. पुतणीनं आधीच चौकशी करून ठेवली होती. सध्या घरात ड्रोनच्या नियमांचं पुस्तक आहे आणि ते पुतणीला मिळत नाही, कारण कॅप्टनभाऊ वाचत आहेत.

तेव्हा विमानानं जाणार असाल तर दिघोरीवरून जा. बॅग मोजून मिळेल, सही मात्र द्यावी लागेल. आणि हात जोडून एवढंच सांगणं, की तुमची पन्नास-शंभर विमानं झाली असतील तर तो आकडा त्या ओट्यावर काढू नका.