खाली काय लागले?

घराला एक खोली वाढवावी हा विचार मनात पुरता स्थिरावण्यापूर्वी, कुंपणाशी विटांची पहिली गाडी रिकामी होते न होते तोच, लोखंडी टोकाची काठी आपटीत जे गृहस्थ आत येतात, आणि नमस्कार, क्षेमकुशल हा सारा शिष्टाचार बाजूस सारून ‘खाली काय लागले?’ एवढाच सवाल टाकतात, ते सेवानिवृत्त ओव्हरसियर प्रत्येक गावात असतातच. परभणीस ते आमच्यापासून दोन घरे सोडून राहतात.

बांधकाम खात्यात हयात घालवलेल्या या गृहस्थांना जमिनीच्या वर असलेल्या कोणत्याही वस्तूविषयी यत्किंचितही आस्था नाही. एका लग्नाच्या बोलण्यांत मुलाचा हुद्दा, जमीनजुमला, खानदान यांची सविस्तर रुजवात चालू असता त्यांनी वधूपित्यास कोपऱ्यात घेऊन ‘हा झाला भराव, खाली काय लागले?’ अशी पृच्छा केली. श्रीखंडाच्या वाटीत त्यांचा चमचा तळ लागल्याखेरीज वर येत नाही. आणि निवडणुकीचा उमेदवार हात जोडून गेला की ‘निव्वळ काळी माती’ असा शेरा मारून ते पान जमवायला घेतात.

काळी माती ही त्यांची जन्माची वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, वैशाखात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर विसंबलेली फरशी वर्षातून एकदा उचलली जाते व एकदा खचते, हा सिद्धांत आम्हांस पटावा म्हणून त्यांनी अंगणात खड्डा खणवला व काठावर खुर्ची टाकली. गडी कुदळ मारी, हे विचारीत, ‘काय लागले?’ तो म्हणे, ‘मातीच हाय, साहेब.’ हा संवाद खड्डा कमरेइतका होईपर्यंत चालला, छातीइतका होईपर्यंत चालला, आणि गड्याचे मुंडासे तेवढे दिसू लागले तेव्हा खालून ‘मुरूम!’ अशी आरोळी आली. त्यातला पिवळसर खडा ओव्हरसियरांनी नखाने खरवडून पाहिला, पुसला आणि खिशात टाकला. मुरूम लागलाच नसता तर सुमारे १२ फूट खोल, बुडाशी दांड्याच्या अडीचपट फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घालावे लागले असते, असे सांगून त्या खांबांच्या शोधाबद्दल रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेस त्यांनी बसल्या जागी हात जोडले.

मुकादमाचे म्हणणे, खणलेली मातीच जोत्यात ढकलावी, वर कोबा आणि शहाबादी फरशी. पैसाही लागत नाही. त्यावर ओव्हरसियरांनी निवाडा दिला तो असा, की भिंती मुरमावर उभ्या कराव्यात, जोत्याच्या तुळयांवर स्लॅब टाकावा, खाली पोकळी राखावी, आणि घराची जमीन जमिनीला टेकता कामा नये! ‘जमीन का टांगायची असते?’ असे आमचे कुटुंब म्हणाले. तिकडे लक्ष न देता, जुने घर बसून चुकले आहे व नवे अजून बसायचे आहे, सबब दोन भिंती एकमेकींत न गुंफता मध्ये सांधा ठेवावा, असे दुसरे फर्मान सुटले.

त्याच मुकादमाने त्याच महिन्यात पलीकडच्या बिऱ्हाडी आपल्या मताने एक खोली बांधली. दुसऱ्याच पावसाळ्यात तिथली फरशी अशी फुगली, की दार अर्ध्यावर अडते आणि यजमान अंग चोरून आत शिरतात. आमचे दार लागते, उघडते. एवढ्यापुरते तरी त्या माणसाचे ऋण मान्य करणे भाग आहे. चाळीस गावचे पाये तपासणाऱ्या या माणसास स्वतःचे घर मात्र बांधता आले नाही. बदल्यांत नोकरी सरली, मुलींच्या लग्नांत फंड सरला, आणि आता ते भाड्याच्या माडीवर राहतात, जिच्या खाली घरमालकाची पिठाची गिरणी दिवसभर धडधडत असते. अंगणात काढून ठेवलेली ती खुर्ची आम्ही अजून आत नेलेली नाही.

वाचकांपैकी कोणास खोली वाढवायची असल्यास विटा मागवण्यापूर्वी त्यांना निरोप धाडावा. ते मोबदला घेत नाहीत. गडी मात्र दोन सांगावेत, कारण मुरूम लागल्याखेरीज ते उठत नाहीत.