शिक्का गोल हवा

परळमध्ये गिरण्यांच्या जागेवर जे टॉवर उभे राहिले, त्यांत सूत सोडून सगळ्याची खरेदी होते. अशाच एका टॉवरातल्या खरेदी खात्याने विमानाच्या सुट्या भागांत भेसळ होऊ नये म्हणून रामबाण उपाय काढलाय. पुरवठादाराने स्वतःच्याच लेटरहेडवर लिहून द्यायचं : ‘आम्ही बनावट माल पुरवत नाही.’ खाली सही. सहीवर शिक्का. शिक्का गोल हवा.

एकाचा चौकोनी होता. त्याचे बोल्ट अस्सल, हीट नंबर (म्हणजे धातूच्या ओतीचा क्रमांक) जुळणारा, चाचणी अहवाल मूळ प्रतीत. माल परत! दुसऱ्याच्या दोन वेगळ्या बॅचना एकच हीट नंबर, अहवाल झेरॉक्सची झेरॉक्स, भाव निम्मा. पण शिक्का गोल, जांभळा, काठाला दोन चांदण्या. माल आत. शिवाय तो एल-वन, म्हणजे सर्वांत स्वस्त. त्याला नाकारलं तर ऑडिटवाले विचारणार, आणि ऑडिटवाले बोल्टबद्दल कधीच विचारत नाहीत.

हा गोल शिक्का मिळतो कुठे? स्टेशनबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून. शिक्केवाला भला माणूस, कंपनी तुमची की दुसऱ्याची हे विचारत नाही. ‘चांदण्या टाकू का?’ एवढंच विचारतो. चहा येईपर्यंत शिक्का तयार. माझी तर सूचना आहे की खरेदी खात्याने त्यालाच पगारावर घ्यावं. दर्जा नियंत्रण प्रमुख म्हणून. त्याला एक कंपासपेटी द्यावी, व्यास मोजायला. हाताखाली दोन साहाय्यक, एक शाईचा रंग पाहणारा आणि एक चांदण्या मोजणारा. चांदणी पाच टोकांची की सहा, यावर उपसमिती नेमावी, उपसमितीने अभ्यासासाठी परदेशी जावं, अर्थात विमानाने, आणि त्या विमानाच्या बोल्टांवर कोणता शिक्का होता हे खिडकीशी बसून आठवत राहावं.

आठवायला एक तारीख देतो. 8 सप्टेंबर 1989. ऑस्लोहून हॅम्बर्गला निघालेलं विमान डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं. 55 माणसं होती, एकही वाचलं नाही. तपासात शेपटीच्या जोडणीत बनावट, कमी ताकदीचे बोल्ट निघाले. त्यांच्याबरोबरही कुठला तरी कागद आलाच असणार.

चिपचा धंदा तर आणखी सोपा. विमान तीस-चाळीस वर्षं उडतं, त्यातली चिप बनवणारा कारखाना ती कधीच बंद करतो. मग दलाल येतो. भंगारातल्या बोर्डावरून चिप उपटायची, पाठ घासायची, काळा थर द्यायचा, नवा नंबर छापायचा. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर पुष्कळदा रंग सुटतो आणि खालचे ओरखडे दिसतात. पण आमच्या टॉवरात ॲसिटोनची बाटली मागितली की म्हणतात, तीन कोटेशनं आणा.

अरे, तपासायचं कसं हे याच जमिनीवर येत होतं की! गिरणीतला स्टोअरवाला सुटा भाग हातात घेऊन वजनावरून सांगायचा, आणि पटलं नाही तर कारकुनाच्या टेबलावर आदळायचा. त्याला 1982च्या संपानंतर तुम्ही घरी बसवलंत. आणि आता गिरणी कामगारांसाठीच्या घराला त्याचा अर्ज आला की तपासणीला काय जोर चढतो! तिकीट नंबर दाखव. ईएसआयचं कार्ड दाखव. फंडाची पावती दाखव. नावात ‘बाळू’ आहे की ‘बाळकृष्ण’, याचं प्रतिज्ञापत्र आण. तो गेला असेल तर मुलाने वारसदाखला आणावा, सुनेने रेशनकार्ड. विमानाच्या बोल्टला एक कागद पुरतो. ज्याने इथे आयुष्यभर यंत्रं चालवली, त्याला खरं ठरायला गठ्ठा लागतो.

आमच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्याने शेवटी गिरणीचं जुनं सर्व्हिस सर्टिफिकेट शोधून काढलं. त्यावर शिक्का होता. गोल. कागद परत आला, शेऱ्यासह : ‘गिरणी बंद असल्याने शिक्क्याची खातरजमा करता येत नाही. संबंधित गिरणीकडून नव्याने मारून आणावा.’