शून्य कचऱ्याची सोपी कृती (नवशिक्यांसाठी)

आजवर बाजारातलं फिनाइल वापरून आपण पृथ्वीचं किती वाटोळं केलं, हे तुमच्या उशिरा का होईना लक्षात आलं, याबद्दल अभिनंदन. आता घरच्या घरी नैसर्गिक सफाईद्रव्य करू. अवघड काही नाही. अर्धा ओटा, तीन महिने आणि घरच्यांची सहनशक्ती, एवढ्यावर भागतं.

१. आधी खरेदी करा. कचरा कमी करायचा म्हणजे सामान हवंच. काचेच्या बरण्या, बांबूचे ब्रश, स्प्रेच्या बाटल्या, खाकी लेबलं असं सगळं ऑनलाइन मागवा. सोबत येणारे खोके आणि बबल रॅप माळ्यावर ढकला. घरात सरबताच्या, तेलाच्या रिकाम्या बाटल्या असतील तर त्या भंगारवाल्याला देऊन टाका. त्यांच्यावर खाकी लेबल शोभत नाही.

२. बायो-एन्झाइम लावा. प्रमाण १:३:१०. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम संत्र्या-मोसंबीच्या साली आणि १ लिटर पाणी. घरात निघालेली साल वाया जाऊ नये, अशी यामागची मूळ कल्पना. पण ३०० ग्रॅम साली साठेपर्यंत कोण दम धरतो? सरळ मंडईतून दीड-दोन किलो संत्री आणा, सोला आणि घरच्यांना खायला बसवा. 'नको' म्हणणाऱ्याला पर्यावरणाची शपथ घाला. गूळ मात्र सेंद्रियच घ्या. फरशीला साधा गूळ सोसत नाही.

३. ९० दिवस थांबा. आंबताना वायू सुटतो, म्हणून पहिला महिनाभर रोज झाकण सैल करा. बाटली गळ्यापर्यंत भरू नका आणि काचेची तर घेऊच नका, फुटायची भीती असते. (बरण्या आधीच आल्या असतील, तर वाईट वाटतं. त्यांत डाळी भरा.) गणपतीला कोकणात जायचं असेल तर किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवा. तुळशीला पाणी आणि बाटलीला ढेकर, एवढंच त्यांना सांगा. पाण्यावर पांढरा थर दिसला तर घाबरू नका. काळी बुरशी दिसली तर आणखी गूळ घाला आणि घाबरा.

या ९० दिवसांत फरशी कशाने पुसायची? फिनाइलने. बाटली सिंकखाली मागे ठेवा.

४. तोवर व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा. काय फसफसतं! तो कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि अल्कली एकमेकांचा काटा काढतात आणि मागे उरतं ते जेमतेम खारट पाणी. वेगवेगळे वापरले असते तर सोड्याने करपलेल्या कढईचा तळ निघाला असता आणि व्हिनेगरने नळावरचा क्षारांचा पांढरा थर. पण मग फसफस झाली नसती, आणि फसफसच नसेल तर रील कशाची काढणार? एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या: व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो विषारी असतो.

५. लिंबू सढळ हाताने वापरा. फरशी शहाबादी किंवा संगमरवरी असेल तर विशेष. दोन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल ते आवडीने खातं. वडिलांनी हौसेने बसवलेल्या फरशीची चकाकी जाऊन तिथे मंद, कळाहीन रूप येईल. ते शंभर टक्के नैसर्गिक असतं आणि पुसून जात नाही.

६. आजीला विचारू नका. ती भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासायची, तांब्यापितळेला चिंच-मीठ लावायची आणि रेशमी लुगडं रिठ्याच्या पाण्यात धुवायची. राख अल्कली, चिंच आम्ल, रिठ्यात फेस आणणारं सॅपोनिन. शास्त्र तिन्हींत होतं, लेबल एकावरही नव्हतं. शिवाय चुलीतली राख फुकट, म्हणून तिच्यावर विश्वास बसत नसे. आता तीच राख पाकिटात विकत मिळते. दोन मागवा.

७. मावशींना प्रशिक्षण द्या. ही सर्वांत महत्त्वाची पायरी, कारण पृथ्वी वाचवणार तुम्ही आणि घासणार त्या. तीन महिन्यांनी तुम्ही समारंभपूर्वक बाटली पुढे कराल. मावशी झाकण उघडून वास घेतील, पदर नाकाला लावतील आणि म्हणतील, "ताई, हे नासलंय. ओतून देऊ?" रागावू नका. हा नासका वास नसून किण्वनाचा सुगंध आहे, हे शांतपणे समजावा. बादलीभर पाण्यात झाकणभर टाकायला सांगा. तेलकट ओट्यावर हात जरा जास्त चालवावा लागेल, तोही त्यांचाच. त्यावर त्यांनी पगारवाढीचा विषय काढलाच, तर एन्झाइमची एक बाटली प्रेमाने भेट द्या.

रिकामी झाली की परत मागून घ्या. आपल्याला कचरा करायचा नाही.