विद्यापीठाची स्थळपाहणी

धुळ्यात वाढलेल्या माझ्या पिढीच्या मनुष्याला विद्यापीठ ही डोळ्यांनी पाहावयाची वस्तू आहे, ही कल्पनाच मुळी परकी होती. गुणपत्रिकेच्या तळाशी उमटलेली एक दुर्बोध स्वाक्षरी आणि तिच्या शेजारचा गोल शिक्का, एवढीच त्या दैवताची सगुण मूर्ती आम्हांस ठाऊक. आणि 1990 च्या स्वातंत्र्यदिनी जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत ती मूर्तीही तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पुण्याच्या गणेशखिंडीत विराजमान असल्यामुळे, तिच्या दर्शनाचा योग बहुधा पदवी पदरात पडल्यानंतर, एखादा दाखला अथवा हरवलेल्या गुणपत्रिकेची नक्कल काढण्याच्या निमित्तानेच येई. रात्री धुळ्याच्या स्थानकावर रातराणीत बसावे, पहाटे पुण्यात उतरून तोंड धुवावे, कोणे एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम जिथे पडत असे त्या मनोऱ्याच्या इमारतीकडे एक आदरयुक्त दृष्टिक्षेप टाकावा, खिडकीत अर्ज द्यावा आणि मिळेल त्या गाडीने खानदेशात परतावे, असा शिरस्ता होता. ज्या विद्यापीठाचे आपण पदवीधर, ते पदवीधर झाल्यावर प्रथम पाहावे, यात कोणास काही विपरीत वाटत नसे.

अशा परंपरेच्या घरात माझ्या भाचीने, बी.एस्सी.चा निकाल हाती येण्याच्याही आधी, ‘रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.चा अर्ज भरायच्या अगोदर मी विद्यापीठ एकदा पाहून येणार,’ असे जाहीर केले, तेव्हा ताटावरचे हात क्षणभर थबकले. तिचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, ज्यांना सारे देवपूर ‘जिभाऊ’ या नावाने ओळखते, प्रथम म्हणाले, ‘त्यात पाहायचं काय? सरकारनं आधीच पाहिलेलं असतं.’ शासनसंस्थेवर इतका निस्सीम विश्वास असलेला कापूस-उत्पादक माझ्या पाहण्यात दुसरा नाही. परंतु कन्या हट्टास पेटलेली पाहून त्यांनी ते प्रकरण पुढील कार्यवाहीसाठी माझ्याकडे वर्ग केले. कारण मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला असून, गारपिटीने झोपलेले गहू, पुराने वाहून गेलेले बांध आणि पडली की पाडली याचा निकाल न लागलेल्या भिंती यांचे पंचनामे करण्यात माझी उमर खर्ची पडली आहे. जी वस्तू जागेवर जाऊन पाहिलेली नाही तिच्याविषयी कागदावर किती सुंदर मजकूर लिहिता येतो, हे मला जितके ठाऊक आहे तितके इतरांस असणे कठीण. आणि विद्यापीठांची रंगीत माहितीपत्रके चाळताना माझ्यातला जुना कारकून वारंवार ओळखीचे हसला होता.

वास्तविक प्रवेशापूर्वी परस्परांची पारख करण्याची चाल आपल्याकडे नवीन नाही. फक्त पारख करणारा पक्ष तेवढा वेगळा होता. सातव्या शतकात ह्युएनत्संग नालंदेस राहिला, तेव्हा तिथे येणाऱ्यांना दारातच प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सातआठ जण तिथूनच माघारी फिरत, असे त्याने लिहून ठेवले आहे. पण इतक्या दूर जाण्याचे तरी कारण काय? आमच्याच खानदेशात, चाळीसगावाजवळच्या पाटण्यास, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि त्यास मिळालेली दाने शके 1128 च्या शिलालेखात खोदवून ठेवली. त्यात दर घाण्यामागे पळी पळी तेल द्यावे, इतक्या बारकाईचा तपशील आहे. विद्यार्थ्याच्या दिव्यात तेल कोठून येणार याची खातरजमा दगडावरच व्हावी, आणि तो मजकूर दरवर्षी नव्या छायाचित्रांसह बदलता येऊ नये, असे माहितीपत्रक आज कोणते विद्यापीठ काढते? तेराव्या शतकाच्या आरंभी पाटण्यास मुलगा घालू पाहणाऱ्या बापास पंचनाम्याची गरजच नव्हती. त्याने शिळा वाचावी आणि तेली गाठावा.

ठरल्या दिवशी भाची एकटीच एस.टी.ने जावयाची होती. परंतु मुलगी पाहावयास निघालेल्या वरपक्षाप्रमाणे बघता बघता जीप भरली. जिभाऊ, माझी बहीण, मी, आणि जिभाऊंच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सर्व मोठीमाय म्हणतो, त्या तर शेंगदाण्याची चटणी, कळण्याच्या भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन सर्वांच्या आधी पुढच्या आसनावर स्थानापन्न झाल्या होत्या. पारोळ्यास राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याविषयी मी, आणि एरंडोलास पांडववाड्याविषयी जिभाऊंनी, भाचीला माहिती दिली. ती तिला शाळेपासून असल्याचे तिच्या मुद्रेवरून दिसत होते.

गिरणेच्या अलीकडे, बांभोरीच्या माळावर विद्यापीठाची कमान दिसू लागताच जीपमध्ये गांभीर्य पसरले. अलीकडे कुठल्याही मोठ्या संस्थेच्या दारात नालंदेच्या त्या द्वारपंडिताच्या जागी एक गणवेशधारी गृहस्थ असतो, आणि त्याचा प्रश्न एकच : नाव, गाव, काम आणि गाडीचा नंबर वहीत लिहा. हे उत्तर सर्वांना येत असल्यामुळे दहांपैकी दहा आत जातात. मला मात्र कमानीकडे पाहताना भलताच विचार सुचला. 2018 पासून हे विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात नि जात्यावर स्फुरलेले त्यांचे शब्द इतरांनी टिपून घेतले म्हणून आपल्यापर्यंत आले. म्हणजे कुठल्याही विद्यापीठाच्या दारातल्या वहीत त्यांना आपले नाव लिहिता आले नसते, आणि तरीही एक सबंध विद्यापीठ त्यांचे नाव वर लिहून उभे आहे. हा विचार मी मोठ्याने बोलून दाखविला, त्यावर मोठीमाय म्हणाल्या, ‘मंग? मनं बी नाव लिही दे.’ ते मी लिहिले.

आता स्थळपाहणीचे शास्त्र. माझे पहिले सूत्र असे, की जे दाखविण्यासाठी ठेवलेले आहे ते पाहू नये. मुख्य इमारत, सभागृह, पुतळा, हिरवळ यांना आपल्या साक्षीची आवश्यकता नसते. सूचनाफलकापाशी मात्र अवश्य थांबावे आणि त्यावरील सूचनांच्या तारखा वाचाव्यात. ज्या विभागात मागील दिवाळीच्या सुटीची सूचना पुढील दिवाळीपर्यंत टिकते, तिथे काळ स्थिर असतो. ग्रंथालयात पुस्तकांची संख्या विचारू नये, ती नेहमी भरघोस असते. आपल्या विषयाचे एखादे पुस्तक काढून त्याच्या शेवटच्या पानावरील तारखांची चिठ्ठी पाहावी. आमच्या भाचीने भौतिक रसायनाचे एक जाडजूड पुस्तक काढले, तर चिठ्ठीवर शिक्क्यांची इतकी दाटी, की वर दुसरी चिठ्ठी डकवलेली. ती काही बोलली नाही, पण पुस्तक तिने फार जपून जागेवर ठेवले.

जिभाऊंची पाहणी वेगळ्या अंगाने चालली होती. आवार साडेसहाशे एकरांचे आहे असे ऐकताच ते बराच वेळ निःशब्द झाले. मग टाचेने माती उकरून म्हणाले, ‘जमीन हलकी, मुरमाड. तरी झाडं जगवली भाऊ यांनी.’ आणखी थोडे चालल्यावर, ‘साडेसहाशे एकर, आणि कपाशीचं एक रोप नाही!’ माझी बहीण मुलींच्या वसतिगृहाच्या खिडक्यांचे गज मोजीत होती. मी अग्निशामक नळकांड्यांवरील मुदतीच्या तारखा, प्रसाधनगृहाच्या दाराची कडी, एस.टी.च्या थांब्यापासून प्रशाळेपर्यंतचे अंतर पावलांनी, अशा नोंदी वहीत करीत होतो. ह्या सर्व गदारोळात, जिला इथे दोन वर्षे काढावयाची होती तिला एकही प्रश्न विचारण्याची संधी कोणी दिलेली नव्हती. तेव्हा दुपारी तिने आम्हां सर्वांना एका कडुनिंबाखाली बसविले, भाकरी सोडावयास सांगितले आणि ‘मामा, तासभर कोणी माझ्या मागे यायचं नाही,’ अशी लेखी हुकुमाच्या तोडीची आज्ञा करून ती प्रशाळेत दिसेनाशी झाली.

विद्यापीठदर्शनाचा हाच एक तास खरा, बाकी सगळी जत्रा. तिने त्या तासात काय केले ते मला नंतर कळले. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून तिने विचारले होते : प्रकल्पाचे मार्गदर्शक आठवड्यातून कितीदा भेटतात, उपकरण बंद पडले तर ते सुरू व्हायला दिवस लागतात की महिने, दुपारी तीननंतर प्रयोगशाळा उघडी असते का, तुमच्या आधीची तुकडी आता कुठे आहे, आणि इथले तुम्हाला काय आवडत नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर, तिच्या म्हणण्याप्रमाणे, सर्वांत लांब आणि सर्वांत उपयोगी होते. अशी प्रश्नावली शासकीय नमुन्यात असती तर माझ्या हातून कितीतरी भिंतींना न्याय मिळाला असता.

कडुनिंबाखाली तोवर निराळेच न्यायासन भरले होते. जाणाऱ्या-येणाऱ्या मुलींना मोठीमाय हाक मारीत, भाकरीचा तुकडा हातावर ठेवीत आणि विचारीत, ‘माय, आठे पानी कव्हय येस? जेवाले काय देतस? मास्तर रोज येतस का नही?’ भाकरी खाल्लेल्या मनुष्यास खोटे बोलवत नाही. शिरपूर, साक्री, नंदुरबारहून आलेल्या त्या मुलींनी खाणावळीतल्या वरणाची घनता, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आणि कोणते मास्तर फळा पुसण्यापूर्वी उतरवून घेण्यास वेळ देतात, ही सर्व हकीकत त्यांच्या स्वाधीन केली. परतीच्या वाटेवर माझ्या वहीतल्या नोंदी, भाचीची टिपणे आणि मोठीमायची जबानी यांचा मेळ घातला, तेव्हा त्या दोघींचा तपशील कलमाला कलम जुळला. माझ्या नोंदींपैकी अग्निशामक नळकांड्यांच्या तारखा तेवढ्या नव्या निघाल्या, आणि त्या जिभाऊंनी अत्यंत आदराने ऐकून घेतल्या.

भाचीने त्याच आठवड्यात अर्ज भरला. प्रकरण इथे निकाली निघावयास हवे होते. परंतु गल्लीत वार्ता पसरली, आणि ज्यांचा मुलगा यंदा सातवीत आहे असे एक शेजारी काल सायंकाळी येऊन, पवईची आय.आय.टी. पाहावयास केव्हा निघू या, म्हणून मला विचारून गेले. मी पंचांग पाहून कळवितो म्हटले. मोठीमाय ओसरीवरून सर्व ऐकत होत्या. शेजारी फाटकाबाहेर पडताच त्यांनी दळणाचा डबा पुढे ओढला आणि म्हणाल्या, ‘मंबईले कितल्या भाकरी लागतीन, ते आजच सांगी ठेव.’