सोन्याचा नारळ: नवशिक्या कोचसाठी मार्गदर्शिका

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा हेड कोच व्हायचं ज्याच्या डोक्यात बसलं आहे, त्याच्यासाठी ही मार्गदर्शिका. खेळ शिकवणारी पुस्तकं ढिगानं मिळतात. ही नोकरी कशी मिळवावी, कशी सोडावी आणि कशी घालवावी, हे मात्र कुणी उलगडून सांगत नाही; आणि या धंद्यातली खरी कमाई तिसऱ्या कलमात आहे.

आधी खेळाबद्दल. यात पायांचा उपयोग मुख्यतः पळण्यासाठी होतो, तोही लांबट चेंडू छातीशी कवटाळून. एवढं पुरे. बाकीचं तुम्हाला कुणी विचारणार नाही. विचारतील ते एकच, शनिवारी जिंकलात का?

शनिवारी काय घडतं हे कळल्याशिवाय पगाराचे आकडे पचणार नाहीत. अॅन आर्बरमधल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. आपलं वानखेडे त्यात तीनदा बसेल. लाखाच्या वर क्षमतेची अशी आठ स्टेडियमं अमेरिकेत आहेत आणि आठही कॉलेज फुटबॉलची आहेत. तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि ‘बूस्टर’ म्हणून ओळखली जाणारी धनाढ्य चाहत्यांची जमात यांच्याकडून पैशाचा जो ओघ येतो, त्यातला मोठा वाटा कोचच्या पदरात पडतो. त्यामुळे बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, कुलगुरूही नसतो, फुटबॉल कोच असतो. मुलीला तिथल्या सरकारी विद्यापीठात एमएसला पाठवून डॉलर मोजणाऱ्या आईबापांनी मात्र हबकून जाऊ नये. मोठ्या विद्यापीठांत तरी कोचचा पगार सहसा तिच्या फीतून होत नाही.

आता पात्रता. तुम्ही स्वतः कॉलेजात खेळलेले असलात तर उत्तम, नसलात तरी अडत नाही. माइक लीच कॉलेज फुटबॉल खेळलेच नव्हते. त्यांनी पेपरडाइन विद्यापीठातून वकिलीची पदवी घेतली, वकिली न करता कोचिंगमध्ये उडी मारली, मध्ये एकदा फिनलंडमधल्या पोरी गावचा संघही सांभाळला, आणि पुढे टेक्सस टेक, वॉशिंग्टन स्टेट, मिसिसिपी स्टेट अशा मोठ्या संघांचे हेड कोच झाले. निक सेबन यांची कथा याहून साधी. १९७३ साली केंट स्टेटमध्ये त्यांच्या पत्नीचं शिक्षण वर्षभर बाकी होतं, म्हणून गावातच थांबायला निमित्त हवं होतं. तेवढ्यात कोचनी मदतनीस होतोस का म्हणून विचारलं. त्या वर्षभराच्या सोयीतून पुढे सात राष्ट्रीय विजेतेपदं निघाली.

एक सूचना मात्र ठळक अक्षरांत लिहून घ्या. बायोडाटात थापा मारू नका. डिसेंबर २००१ मध्ये जॉर्ज ओलिअरी यांना नोत्र दाम विद्यापीठानं थाटात नेमलं आणि पाचव्या दिवशी त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण कागदावरची मास्टर्सची पदवी त्यांनी घेतलीच नव्हती. गंमत म्हणजे कोचला मास्टर्सची पदवी लागतेच असंही नाही. (ते पुढे सेंट्रल फ्लोरिडात बारा हंगाम टिकले. या धंद्यात कायमचं कुणी बुडत नाही, हा मुद्दा पुढेही येईल.)

सुरुवात होते ती ग्रॅज्युएट असिस्टंट या पदापासून. हे पद म्हणजे नोकरी आणि विद्यार्थिदशा या दोहोंतले तोटे एकत्र करून बनवलेलं आहे. फी माफ, हातात किरकोळ विद्यावेतन, आणि काम सकाळी उजाडायच्या आधीपासून मध्यरात्र उलटेपर्यंत. पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचे जुने सामने तुमच्यासमोर येतात. प्रत्येक डाव थांबवायचा आणि नोंदवायचा: कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, कोण कुठे उभा, चेंडू मैदानाच्या कोणत्या अंगाला. एका सामन्यात असे शंभराहून जास्त डाव असतात. मग त्यातले निवडक डाव जाड कार्डांवर मार्करनं काढायचे: गोल म्हणजे आपला माणूस, बाण म्हणजे त्याची धाव. दुसऱ्या दिवशी सरावात ही कार्डं डोक्यावर धरून राखीव खेळाडूंसमोर उभं राहायचं, म्हणजे ती पोरं प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतील. बाण चुकला, पोरगा उलट्या दिशेनं पळाला, तर शिव्या त्याला नाही, तुम्हाला.

याहून नाजूक कामगिरी सामन्याच्या दिवशीची. हेड कोच तावातावानं मैदानात घुसला तर संघाला दंड होऊ शकतो. म्हणून एक धट्टाकट्टा माणूस त्याच्या मागे उभा असतो आणि रेषेजवळ गेला रे गेला की पट्ट्याला धरून त्याला मागे खेचतो. या कामाला ‘गेट बॅक कोच’ असं रीतसर नाव आहे. साहेबाला लाखभर लोकांदेखत पट्ट्याला धरून ओढायची संधी दुसऱ्या कुठल्याही उमेदवारीत मिळत नाही. मिळाली तर सोडू नका.

पुढची पायरी पोझिशन कोच (एकाच जागेच्या खेळाडूंचा), त्यापुढची कोऑर्डिनेटर (सगळ्या आक्रमणाचा किंवा सगळ्या बचावाचा), मग हेड कोच. या पायऱ्या चढताना कर्तबगारीइतकंच घराणं महत्त्वाचं. कुणाच्या हाताखाली घडलात ते विचारलं जातं, गवयाला विचारतात तसंच. गुरूला नारळ मिळाला की सगळा शिष्यवर्ग एका दिवसात बेकार होतो. गुरूला नवं गाव मिळालं की तोच शिष्यवर्ग तिथे उगवतो. २००० च्या हंगामानंतर अलाबामातून असेच बाहेर पडलेले डॅबो स्विनी दोन वर्षं शॉपिंग सेंटरमधले गाळे भाड्यानं देण्याच्या कामात होते. जुन्या ओळखीतून क्लेमसनला बोलावणं आलं, २००८ मध्ये हंगामाच्या मध्यात हेड कोचची खुर्ची रिकामी झाली, आणि हंगामी म्हणून बसलेल्या या गृहस्थांनी पुढे दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणली. घर विकत घ्यावं की भाड्यानं, हा प्रश्न पडला तर भाड्यानं. मुलांच्या शाळेचे दाखले एका फाइलमध्ये हाताशी ठेवा. बायकोला विश्वासात घ्या. तिला बातमी सांगायला बहुधा तुम्ही पहिले नसाल, कारण चाहते कोचला न्यायला येणाऱ्या खासगी विमानांची उड्डाणं फोनवर बघत बसलेले असतात.

हेड कोच झालात की निम्मा वेळ खेळ, निम्मा वेळ मनधरणी. सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जायचं, त्याच्या आजीच्या हातचं चापून खायचं आणि मुलाला आम्ही पोटच्या पोरासारखं सांभाळू असा शब्द द्यायचा. २०१६ मध्ये मिशिगनचे जिम हारबॉ एका पोराच्या घरी चक्क मुक्कामाला गेले होते. हा शब्द देताना ‘कुटुंब’ वारंवार म्हणावं. ब्रायन केली २०२१ च्या अखेरीस नोत्र दाम सोडून लुइझियाना स्टेटला गेले तेव्हा बास्केटबॉलच्या सामन्यात माइक हातात घेऊन ते ‘फॅमिली’ असं काही दाक्षिणात्य हेल काढून म्हणाले की देशभर हशा पिकला. गृहस्थ मूळचे मॅसॅच्युसेट्सचे. जुन्या संघाचा निरोप त्यांनी सकाळी सात वाजता काही मिनिटांत उरकला होता.

इथून अवघड विद्येकडे वळू: नोकरी सोडणं. नियम असा, की जाणार नाही हे ठणकावून सांगायचं आणि जायचं. २१ डिसेंबर २००६ रोजी मायामी डॉल्फिन्सचे कोच असलेल्या सेबन यांनी आपण अलाबामाला जाणार नाही असं पत्रकारांना निक्षून सांगितलं. पंधरवड्याच्या आत ते अलाबामात होते. बॉबी पेट्रिनो यांनी २००७ मध्ये अटलांटा फाल्कन्स हा व्यावसायिक संघ हंगाम संपायच्या आधीच सोडला आणि खेळाडूंच्या लॉकरमध्ये चार ओळींची चिठ्ठी ठेवली. पण या कलेतले उस्ताद लेन किफिन. टेनेसीत एकच हंगाम काढून जानेवारी २०१० मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्नियाला निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी रस्त्यावर गाद्या जाळल्या. २०१३ मध्ये त्याच दक्षिण कॅलिफोर्नियानं त्यांना हरून परतल्यावर पहाटे विमानतळावरच काढून टाकलं. आणि २०२५ मध्ये त्यांनी ओल मिस या विद्यापीठाच्या संघाला प्लेऑफच्या उंबरठ्यावर आणून उभं केलं, आणि स्वतः लुइझियाना स्टेटला निघून गेले. तिथली खुर्ची का रिकामी होती? कुटुंबवत्सल केलींना महिन्याभरापूर्वी नारळ मिळाला होता.

यात एक गोष्ट मला कधीच विनोदी वाटली नाही. कोच असे उड्या मारत होते तेव्हा खेळाडूनं विद्यापीठ बदललं की त्याला सहसा वर्षभर मैदानाबाहेर बसावं लागे, आणि आपल्या नावावर चार पैसे कमावण्याची मुभा त्याला जुलै २०२१ पर्यंत नव्हती. आता ती आहे, जाण्यायेण्याची मोकळीकही आहे. निष्ठा कुठे उरली म्हणून आता सर्वांत मोठ्यानं गळा काढतात ते कोचच.

आता मुख्य कलम. करार करताना पगारावर घासाघीस करू नका, तो एजंट बघेल. तुम्ही बघायचं ते काढल्यावर काय, या परिच्छेदाकडे. याला बायआउट म्हणतात. बायआउट दोन जातींचा. एका जातीत, काढल्यावर तुम्ही नवी नोकरी शोधलीच पाहिजे आणि तिथला पगार जुन्या मालकाच्या देण्यातून वजा होतो. दुसऱ्या जातीत असली कटकट नसते. दुसरी जात मागा.

या क्षेत्रातलं आदर्श उदाहरण जिम्बो फिशर. टेक्सस ए अँड एमनं त्यांना २०१७ च्या अखेरीस दहा वर्षांच्या ७.५ कोटी डॉलरच्या करारावर आणलं आणि स्वागताला राष्ट्रीय विजेतेपदाचा फलक भेट दिला, ज्यावर साल तेवढं कोरं सोडलं होतं. २०२१ मध्ये करार आणखी वाढवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलं. साल कोरंच होतं. त्यांचं देणं निघालं सुमारे ७.६ कोटी डॉलर, तेव्हाच्या भावानं सहाशे कोटी रुपयांच्या वर. पहिला मोठा हप्ता लगेच, मग २०३१ पर्यंत दरवर्षी सुमारे ७२ लाख डॉलर. दुसरी नोकरी धरली तरी यातला एक सेंटही कापला जाणार नव्हता. विद्यापीठाला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या, की करार वाढवतेवेळी दुसरं कुणी आपला माणूस पळवेल या भीतीनं साऱ्यांची झोप उडालेली असते. ती भीती पसरवणं, हे एजंटाचं काम.

नारळ मिळाल्यावर घरी बसू नका, करमणार नाही. सेबन यांनी अलाबामात अशा पडेल कोचांसाठी जणू आरोग्यधामच चालवलं होतं. टेनेसीतून निघालेले बुच जोन्स २०१८ मध्ये तिथे वर्षाला ३५,००० डॉलरवर बिनमहत्त्वाचं काम करत होते. लाखोंचे हप्ते टेनेसीकडून येतच होते. किफिनही त्याच छपराखाली तीन वर्षं राहून सावरले.

शेवटी, अर्ज केव्हा करावा? हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि खुर्च्या सप्टेंबरातच रिकाम्या व्हायला लागतात. १४ सप्टेंबर २०२५ ला एकाच दिवशी दोन कोच गेले, यूसीएलएचे डिशॉन फोस्टर आणि व्हर्जिनिया टेकचे ब्रेंट प्राय. तीन आठवड्यांनी, एकही सामना न जिंकलेल्या त्या पोरक्या यूसीएलएनं बलाढ्य पेन स्टेटला हरवलं. पुढच्याच आठवड्यात पेन स्टेट पुन्हा हरलं आणि त्याचे कोच जेम्स फ्रँकलिन यांना नारळ मिळाला, सुमारे ५ कोटी डॉलरचा. फ्रँकलिन यांचा बायआउट पहिल्या जातीचा होता, त्यामुळे त्यांनी सव्वा महिन्यात नवी नोकरी धरली, व्हर्जिनिया टेकची. बचावफळीच्या कोऑर्डिनेटरपदी त्यांनी आपला पेन स्टेटमधला जुना सहकारी नेमला. त्यांचं नाव ब्रेंट प्राय.